पिकअपचे तिसरे स्पीकर

स्कूटीचा हॉर्न दुरुस्त होईपर्यंत मी कवठे महांकाळच्या गॅरेजात बाकावर बसले होते. समोर रस्त्यातच जुना पिकअप उभा, आत आदगोंडाकाका आणि त्यांच्या पत्नी चंपाबाई. गॅरेजवाला हाफिज दारातून वाकून त्यांचा टेप तपासत होता. टेप दणाणत होता, त्यामुळे सगळेच ओरडून बोलत होते.

"हाफिज, ह्याला आवाजच न्हाई रं!"

"काका, शेवटपत्तुर वाढवलाय."

"मग स्पीकर बदल."

"दोनदा बदललं. हे तिसरं हायत."

"वायरीत काय तर आसंल. तुझ्या काकीला इचार."

"मला नगा इचारू. माझं डोस्कं उठलंय."

"तुझं घरात बी उठतंय."

"काका, रोज द्राक्षं घिऊन सांगलीला जाताय. गाणी कशाला? रस्ता बघा की."

"तीस वर्सं बघतोय, गड्या."

मागून ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन वाट मागितली. हाफिजनं टेप बंद केला. ट्रकनं पुन्हा लांबलचक हॉर्न दिला. मी दचकले. काका स्पीकरला कान लावूनच.

"बघ, आता तर बंदच पडला!"

हाफिज चंपाबाईंकडे बघत राहिला. त्या काकांच्या कानाशी वाकल्या.

"आवं, स्पीकर बरं हायत. तुमाला ऐकू येईना झालंय. उद्यापासनं गाडी आपला ल्योक भरतेश चालवंल."