खांद्यावरची बॅग

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या.

“दाराशी उभे आहेत, ते तुमचेच ना?”

“हो. बसमध्ये कंडक्टर आहेत. ओरडले की अख्खी बस सरकते.”

“मग इथं कुणाला सरकायला सांगत का नाहीत?”

“खांद्याला तिकिटांची बॅग नसली की तोंडातून शब्द फुटत नाही. घरी ही मांजर खुर्ची अडवते आणि हे उभ्यानं चहा पितात.”

“ही? टोपलीत तर अगदी गरीब गाय दिसतेय.”

“इथं. घरी वाघीण आहे.”

“बॅग कुठाय त्यांची?”

“ही काय. इथूनच ड्युटीवर जायचंय.”

“मग द्या की.”

“अहो, ही बॅग अडकवा जरा खांद्याला.”

“चला, पुढे सरका. सरका पुढे.”

आम्ही सगळे सरकलो.

“अगं बाई, टोपलीतली मांजरसुद्धा सरकली.”