गुडघ्याची चिठ्ठी

तुमी कोरून कोरून इचारतासा म्हणून सांगतो, न्हायतर हे पुन्ना उगाळायची मला हौस न्हाय, पावणं. चिठ्ठी बघू — छातीचा फोटो. बास? खोकला किती दिसाचा, ताप हाय का — काय न्हाय. असंच लिवत्यात हे डाक्टर. विंग्रजी मला येत न्हाय, पर छाती, गुडघा, कंबर एवढी अक्षरं चित्रावाणी वळखतो. सव्वीस वरसं ह्याच एक्सरे खोलीत फिल्मा धुतल्या म्या.

गगनबावड्याची बाळाबाई आलती, घसरून पडल्याली. चिठ्ठीवर नुसता गुडघा. ती बी गुडघाच दावत हुती. पर पाऊल भाईर कलल्यालं, पाय बोटभर आखूड — म्या हंबीररावाला म्हटलं, खुब्याचा बी काढ. हंबीरराव म्हंजे मिरजेस्नं शिकून आल्यालं टेक्निशियन, पांढरा कोट, कडक इस्त्री. काढला. खुबा मोडल्याला. मोठ्या डाक्टरनी पाठ थोपाटली कुणाची? त्याची. वर भितीला कागूद लावला — चिठ्ठीत पडला कसा, दुखतंय कुठं, समदं लिवायचं — खाली हंबीररावाचं नाव. खिळा म्या ठोकला. माजं नाव घेतलं का त्यानं? उलट चारचौघांत म्हणाला, "तात्या, तुम्ही फिल्मा धुवा, डॉक्टरकी करू नका."

जळलो. जळणारच की. म्हटलं, आता तोंड उघडायचं न्हाय. महिन्यानं शिरोळची बनाबाई आली, उसाच्या सरीत पडल्याली. भितीवर कागूद तसाच, आन चिठ्ठीवर परत एकच शबुद — गुडघा. पाऊल भाईर कलल्यालं. म्हंजे — कलल्यालं असंल, म्या कशाला बघू? मला काय कोट हाय? त्यानं गुडघ्याचा काढला, म्या धुतला, झ्याक निघाला. ती जाताना मलाच इचारती, "तात्या, हाड मोडलं न्हाय न्हवं?" — म्हटलं, "फोटो साफ हाय, आक्का."

फोटो साफच हुता की. गुडघ्याचा.

दीड महिन्यानं खाटंवर घालून आणली. खुबा. आता काठी सुटायची न्हाय तिची. मोठ्या डाक्टरनी हंबीररावाला झाडला, म्या दाराआड उभा राहून ऐकलं, ग्वाड लागलं — खोटं कशाला बोलू?

असं काय बघतासा? चिठ्ठी म्या लिवलती? फोटो म्या काढलाता? "तात्या, तुमी सांगिटलं हुतं" एवढं एकदा म्हणाला असता, तर म्या बोललो नसतो व्हय त्या दिशी? जावा आत, तुमास्नी हाक मारतोय त्यो. माजी माफी त्यानं अजून मागितल्याली न्हाय — त्या हंबीररावानं.