हलणाऱ्या इमारतीकडे निघालेली विशाखा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय विश्वासराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आणि हॉलंडमधल्या आपल्या रायस्वाइकच्या या वाऱ्यात सायकली हाणत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सविनय नमस्कार.

विशाखाला निरोप द्यायला मला, तिच्या मैत्रिणीला, उभं केलंत हा माझा मान. पण खरं सांगू? सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

विशाखा इथे आली ती नवऱ्याच्या, चंद्रहासरावांच्या डिपेंडंट व्हिसावर. पुण्यातली स्ट्रक्चरल इंजिनिअर. इथे मात्र लेकीची, जुईची शाळा, डबे आणि ‘नोकरीचं पुढच्या वर्षी बघू’. २०१७ साली माझ्या नवऱ्याच्या कॉन्फरन्ससाठी आम्ही मेक्सिको सिटीला निघालो, तेव्हा ती म्हणाली, “मीही येते. मला एक इमारत बघायचीय.” एका इमारतीसाठी कुणी समुद्र ओलांडतं का? पण ती होती टोरे लातिनोअमेरिकाना. चव्वेचाळीस मजली, १९५६ सालची. भूकंपाच्या देशात, आटलेल्या तळ्याच्या गाळावर इतकं उंच बांधायचं धाडस तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं. कॉलेजात विशाखानं तिचाच अभ्यास केला होता.

आम्ही अगदी वरच्या गच्चीवर होतो, आणि भूकंप झाला. अध्यक्षमहाराज, आजही बाहेरून ट्राम गेली की माझी नजर दाराकडे जाते. मी जिन्याकडे धावले. विशाखानं मनगट धरून मला खाली बसवलं. “स्वप्नाली, हलू दे. हलता यावं म्हणूनच बांधलीय ही.” दुसऱ्या हातानं तिनं एका रडणाऱ्या अनोळखी बाईला जवळ घेतलं होतं.

आमची इमारत सावरली. खाली आलो, तर शहरात कितीतरी घरं कोसळलेली. एका ढिगाऱ्यापुढे ती बराच वेळ उभी राहिली. “मी घरात काय करत बसलेय गं?” एवढंच म्हणाली.

परतल्यावर ती डच शिकली, जवळच्या कापेल गावात इंजिनिअरची नोकरी धरली. आता जुन्या इमारती बळकट करायला मेक्सिकोनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलंय. “पुन्हा हललं तर?” मी विचारलं. “म्हणून तर जायचं.”

परवा त्यांच्या घरी हाच विषय तापला. चंद्रहासराव म्हणाले, “आणि जुईचं काय?” तेवढ्यात जुईच म्हणाली, “खा मार, आई!” विशाखाच्या सासूबाई सरलाताई दचकल्या. “अगं, आईशी असं बोलतात?” जुई म्हणाली, “आजी, डचमध्ये त्याचा अर्थ ‘जा तू खुशाल’!” हसता हसता चंद्रहासरावांचे डोळे भरले. मग ते उठले आणि त्यांनीच माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली.

मंडळी, तिनं जाऊ नये असं मला अजूनही वाटतं. तरी उद्या तिला स्किपोल विमानतळावर सोडायला मीच जाणार आहे. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला.