तिच्या हाताने सुटतील एवढेच

पंक्चर काढून घ्यायला मी टायरच्या दुकानात बसलो होतो. बाकावर शेजारी एक वयस्कर जोडपं होतं. समोर त्यांच्या गाडीला नवे टायर चढत होते.

“मिस्त्री, नट मशीनने आवळू नका हं. पान्याने आवळा.”

“का हो काका? सैल राहिले तर चाक निखळेल.”

“सैल नकोतच. पण हिच्या हाताने सुटतील एवढेच घट्ट करा.”

“काकूंना कशाला त्रास? कुठे अडलात तर फोन करा, मी येतो.”

“मीही हिला हेच सांगायचो.”

“अहो, पुरे. त्यांना काम करू द्या.”

“बोलू दे मला. पान्यावर उभा राहून नट आवळायचो मी, मिस्त्री. वर म्हणायचो, माझ्या गाडीचं चाक कुणाच्या बापाला निघायचं नाही.”

“आणि पंक्चर झालं तेव्हा नाहीच निघालं. तिकडे माझ्या आईला घरघर लागली होती आणि इकडे मी भर रस्त्यात त्या पान्यावर उड्या मारत होते.”

“मी फोन बंद करून दुपारचा झोपलो होतो.”

“जाऊ द्या. पोचले असते तरी तिने मला थोडंच ओळखलं असतं.”

“ओळखलं असतं गं.”

“काकू, जरा इकडे या. हा पाना धरा आणि नट सुटतोय का बघा.”

“सुटला की. फार जोरही लावावा लागला नाही.”

“बघ. आता कुठे अडलीस तरी तुझं तुला निघता येईल.”

“हो. मिस्त्री, हा परत आवळा. आता मला कुठे वेळेत पोचायचंय?”