रंगनाथ टेलरांच्या गोण्या

मृदंग जरा थांबवा, दादा. मंडळी, ऐका! आख्यानाआधी एकच प्रश्न. दाराशी पिकअप उभी असते, ती लागते कुणाला — मालाला, की दाराला?

दूधवाल्याला लागते. भाजीवाल्याला लागते. मंडपवाल्याला तर लागतेच. आणि बाकीच्यांना? हसताय! बाहेर रस्त्यावर पाहिल्यात मी तुमच्या गाड्या. चकचकीत आहेत.

आज ज्यांच्या वर्षश्राद्धाला आपण जमलो, ते रंगनाथ माळवदे, माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा टेलर! साऱ्या गावाचे कपडे सायकलच्या कॅरिअरवर मावत. त्यांनी काय घेतलं? पिकअप!

लोहाराच्या ओट्यावरून हाक आली, "टेलर, काय वाहायचं हिच्यात? बटणं?"

अण्णा हसले. पण त्याच संध्याकाळी पेट्रोलपंपावरचा पोऱ्या म्हणाला, "मालक, टाकी फुल्ल करू?" मालक! आयुष्यभर 'ए टेलर' ऐकलेला माणूस, मंडळी. तो शब्द त्यांना किती गोड लागला असेल?

कुंभाराची कृष्णाबाई दाराशी आली. "अण्णा, बाजारापर्यंत माझी मडकी न्याल का?"

"नको गं. हौदा खरवडेल."

म्हणजे गाडीला ओझं नाही! आणि रिकामी पिकअप काय करते? उडते! खड्ड्यात मागची बाजू टुणकन वर. स्टँडवरचा ड्रायव्हर म्हणाला, "मालक, मागं वजन टाका." मग अण्णांनी मशीनवर जाड कॅनव्हासच्या गोण्या शिवल्या. दुहेरी शिवण! त्यात वाळू भरली आणि हौद्यात रचली. गोण्यांनी हौदा खरवडेल म्हणून खाली सतरंजीसुद्धा घातली — वाळूला सतरंजी, मंडळी! आता गाडी छान चालू लागली. काय वाहत होती? वाळू. कुठे नेत होती? कुठेच नाही. जिथून निघाली, तिथेच परत!

माझ्या मामेभावाचं लग्न होतं, घाट उतरून पलीकडे. आई पायरीवर उभी राहिली.

"अहो, ती वाळू उतरवा, मग बसते."

"मग उड्या मारत जायचं का पाहुण्यांच्या दारात?"

"निदान दोरानं तरी बांधा."

"दोर घासला की रंग जातो."

"बरं. मी एसटीनं येते."

"दारात गाडी, आणि मालकीणबाई एसटीनं! लोक काय म्हणतील?"

"तिकीट काढताना विचारते लोकांना," आई म्हणाली आणि निघाली.

अण्णा एकटेच निघाले. घाटाच्या वळणावर समोर म्हैस आली. अण्णांनी ब्रेक मारला, स्टिअरिंग फिरवलं. गाडी वळली. गोण्या वळल्या नाहीत. साऱ्या एका अंगाला सरकल्या, आणि गाडी त्यांच्यामागून कठड्यापलीकडे गेली.

तिकडे कार्यालयात आई शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसली होती. येणारा जाणारा विचारी, "इथे कुणी आहे का?" आई सांगे, "आहेत. गाडी लावतायत." अक्षता पडल्या. पंगत बसली. पर्स तिथेच.

मला फोन आला, मी पोचले. गाडीचं काय झालं होतं ते सांगत नाही; अण्णांचंही नाही. गोण्यांचं सांगते. उतारावर विखुरल्या होत्या. एकीचीही शिवण उसवली नव्हती. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यांनी केलं, आणि ते त्या वाळूसाठी!

म्हणून विचारते. तुमच्या हौद्यात काय आहे? कृष्णाबाईची मडकी आहेत, कुणाचं आजारी माणूस आहे? की गाडी उडू नये म्हणून टाकलेलं काहीतरी आहे, आणि त्याला सतरंजी घातली आहे?

घरी जाताना एक करा, मंडळी. या मंडपाच्या खांबांच्या बुंध्याशी वजनाला गोण्या ठेवल्या आहेत. कॅनव्हासच्या, दुहेरी शिवणीच्या. आईनं त्या आणवल्या. वर्षभर गावातला प्रत्येक मांडव त्यांनीच धरून ठेवलाय.

एक उचलून बघा. आणि मग आपापल्या गाडीत बसा.