राणीच्या कानामागचा डाग

प्रणाली : ताई, फोन ठेवू नका. मले लय भेव वाटून राहिलं.

रागिणी : अवं पन झालं काय? सांगशीन का नुसती रडशीन? अमोल बरा हाये ना? बाबा?

प्रणाली : सगळे बरे हायेत. हे ड्युटीवर गेले, मामाजी नाण्याच्या प्रदर्शनात. ताई, नाण्याले भोक पडलं.

रागिणी : कोनत्या नाण्याले?

प्रणाली : परवा मामाजींनी त्या प्रदर्शनातून आणलं ना, चांदीचा राणीछाप रुपया. माझ्याच हातानं भोक पडलं त्याले.

रागिणी : खिळा ठोकला का काय त्याच्यात?

प्रणाली : नाई. धुतलं मी ते.

रागिणी : बाबाचं नाणं धुतलं. अवं माय! अन कशानं धुतलं?

प्रणाली : चिच अन राखोंडी. देवाची भांडी घासाले घेतली होती. नवं नाणं घरात आलं का मामाजी त्याले हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवतेत, तुमाले तं माहीतच हाये. ते ताम्हणातच होतं.

रागिणी : मंग उचलून बाजूले ठेवायचं! जुन्या नाण्याले पानी लावत नाईत, हे आमच्या घरातल्या मांजरीलेई माहीत हाये.

प्रणाली : मालूम होतं व ताई. पन काल त्याईनं मले भिंग देऊन दाखवलं. राणीच्या कानामागं काळा डाग होता. म्हणे, पाय पोरी, मले हे पटत नाई, फसलो वाटते मी. जेवले बी नाई धड. मले वाटलं, डाग निंगाला का त्याईच्या मनातलं बी निंगून जाईन.

रागिणी : शहाणी! अन भोक?

प्रणाली : गरम पाण्यात बुडवलं, चोळलं, अन डागाच्या जागेवरून लाखेसारखं काहीतरी काळं काळं निंगालं. पाहतो तं काय, आरपार भोक. ताम्हण दिसते त्यातून.

रागिणी : अवं येडे, चिचेनं चांदीले भोक पडते का? मंग तं आपल्या वऱ्हाडातल्या समद्या पैंजनाची चाळणी झाली असती! ते भोक पयल्यापासूनच होतं. त्या इकणाऱ्यानं बुजवून वरून काळं फासलं असन.

प्रणाली : तसंच असन. पन आता ते कोन मानते? मामाजी सकाळी त्याच्याशी भांडाले गेले, तं नाणं घरीच राहिलं. तो म्हणला, जसं दिलं तसं आणा, वापस घेतो. आता म्हणीन, तुमीच भोक पाडलं. अन मामाजींचा फोन आला होता मघाशी. म्हणे, नाणं हाये तसंच राहू दे, हात नको लावू, मी निंगालो.

रागिणी : मंग असं कर, मोरीत वाहून गेलं म्हण.

प्रणाली : खोटं बोलली का माझे कान लाल होतेत. अन मारतीन-झोडतीन ह्याचं भेव नाई हो मले. आत्याबाईंनी एकदा त्याईचं नाणं धुतलं होतं ना? शेजारच्या दुर्गाबाई अर्धंच सांगतेत अन पदर तोंडाले लावतेत. ते खरं हाये का?

रागिणी : कोनी सांगाले लावलं होतं तिले!

प्रणाली : ताई, सांगा. मले मालूम असलं पायजे.

रागिणी : मायनं दिवाळीत धुतलं होतं. तुह्यासारखंच, चांगलं चकचकीत दिसावं म्हणून. बाबा ओरडले नाई का शिवी दिली नाई. तोंडच बंद केलं. मीठ पायजे असलं तरी मले म्हणत, तुह्या मायले सांग. माय मागं मागं फिरे, 'आयका तं खरं, कसं झालं ते सांगतो', म्हणे. बाबा उठून तिवश्याच्या वावरात जात.

प्रणाली : कवापर्यंत?

रागिणी : होळी झाली, उन्हं तापली. मंग एक दिवस दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसून 'शकुन, शकुन' हाका मारत होते. तवा तिच्या तोंडात नळी होती. ती काय बोलणार? तशीच गेली.

प्रणाली : ताई, मले नाई जमायचं ते. दिवसभर आमी दोघंच असतो घरात. तेल्हाऱ्याहून लगीन होऊन आली तवा मले ह्या घरात बोलाले कोनी नव्हतं. मामाजीच भिंग घेऊन बसवत, हे पाय, ते पाय. ते चूप झाले तं मी कोनाशी बोलू? फाटक वाजलं. आले, ताई, आले!

रागिणी : फोन चालूच ठेव, स्पीकरवर. मी हावो इथं.

जानराव : प्रणाली, नाणं दे. तो सामान बांधून राहिला.

प्रणाली : मामाजी, बसा. पाणी आणू का?

जानराव : नाणं दे आंदी.

प्रणाली : मी धुतलं ते. घ्या. चिचेनं धुतलं.

(जानराव खुर्चीत बसतात. भिंग डोळ्याला लावून नाणं बराच वेळ फिरवून फिरवून पाहतात.)

प्रणाली : मामाजी, बोला ना. शिव्या द्या. माझ्या बाबाले फोन लावून सांगा, कशी पोरगी दिली म्हणून. पन असे चूप नका बसू, मी पाया पडतो तुमच्या.

रागिणी : बाबा, मी रागिणी. तिच्यावर ओरडा, पन बोला तिच्याशी. तुमाले मायची आन हाये.

जानराव : तू फोनवर हायेस? सांगतलं वाटते इले समदं.

रागिणी : हो, सांगतलं.

जानराव : हं. प्रणाली, उजेडात धर हे. भोकाची कड पायली? कशी गुयगुयीत झाली. दोरा जाऊन जाऊन झिजली ते. कोन्या बाईच्या गयातल्या माळेत होता हा रुपया. तिनंई दर सणाले घासला असन.

प्रणाली : मंग वापस?

जानराव : तो नाई घेत आता. कोन्याच जानकाराच्या कामाचा नाई राह्यला हा.

प्रणाली : तुमाले राग नाई आला?

जानराव : आला. लय आला. म्हणूनच बोलून राहिलो.

प्रणाली : मामाजी...

जानराव : रडू नको. इथं बस, माह्यासमोर. कसं धुतलं ते सांग. पयल्यापासून सांग, काही सोडू नको. आयकतो मी.