कपाटाखालची फरशी

इटलीतल्या कारारा या संगमरवराच्या खाणींच्या गावात, पावाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एजिस्तो मिस्त्री होते. त्यांनी चाळीस वर्षं संगमरवर घासलाय. त्यांच्यापुढे इरमाबाई.

"मिस्त्री, स्वयंपाकघराची फरशी पुन्हा आरशासारखी होईल ना?"

"होणारच. हात कुणाचा आहे!"

"सुनेनं वाट लावली हो. व्हिनेगरनंच पुसली असणार. मिलानची पोरगी ती, संगमरवराला आंबट चालत नाही हे तिला काय कळणार? मी खाणवाल्याची लेक. तीन वर्षं तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलेलं नाही."

"ती कबूल झाली?"

"कसली! नुसती रडते."

"बाई, ते अक्रोडाच्या लाकडाचं कपाट तिथं कधी ठेवलंत?"

"मुलगा दुसरीत होता तेव्हा. त्यानंतर कुणाच्या बापाच्यानं हललं नाही."

"काल मी हलवलं."

"अगंबाई! मग खालची फरशी तरी चकचकीत असेल."

"तीही तशीच. आंबटानं खाल्लेली, खडूसारखी. मुलगा दुसरीत होता, म्हणजे सूनबाईचे तेव्हा दुधाचे दात पडत असतील."

रांग दोन माणसं पुढे सरकली.

"मिस्त्री..."

"बोला."

"घासायचं मशीन कुठून लावणार?"

"दारापासून. मी नेहमी दारापासूनच लावतो."

"या वेळी कपाटाखालून लावा. आणि आजच लावा. रविवारी सुनेला स्वयंपाकघरात जेवायला बोलावतेय."